वाटेचा लेक : यात्रा आणि यात्रेकरू

'तीर्थ' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याचा मूळ अर्थ नदीचा उतार असा आहे, हे ध्यानातही राहत नाही. 'तॄ' म्हणजे तरून जाणे, ओलांडणे. जेथे पाणी उथळ आहे आणि बैलगाडी पैलतीरी घालता येते, ती जागा तीर्थ. वैनगंगेच्या आसपास राहणाऱ्यांना हे समजावून सांगावयास नको. पूल नव्हते तेव्हा उतारावरच माणसे थांबत, तेथेच बाजार भरे, तेथेच देऊळ उभे राही. आणि काही पिढ्यांनी ओलांडण्याची जागा ही पोहोचण्याची जागा होऊन बसे. इंग्रजीतला 'पिल्ग्रिम' हा शब्द लॅटिन 'पेरेग्रिनस' पासून आला. त्याचा अर्थ परका, दुसऱ्या मुलखातून शेते तुडवीत आलेला माणूस. अरबी 'हज' शब्दाच्या मुळाशी निश्चय करून एखाद्या ठिकाणाकडे निघणे हा भाव आहे. आणि आपली 'वारी' म्हणजे तर साधी फेरी. गेला, आला, पुन्हा गेला. मौज अशी की, ह्या चार शब्दांपैकी एकाच्याही पोटात देव नाही. चारही शब्द वाटेचे आहेत.

कुराणात जकातीचे हक्कदार आठ प्रकारचे सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा 'इब्नुस्सबील', म्हणजे शब्दशः वाटेचा लेक. घरी तो सुखवस्तू असेल, पण वाटेत त्याच्यापाशी काही उरले नाही तर त्याचा त्या पैशावर हक्क आहे असे धर्मशास्त्री सांगतात. 'वाटसरू' म्हटले असते तरी चालले असते. पण लेक म्हटले. ज्याचे आईबाप त्या घटकेला दुसरे कोणी नाहीत, फक्त वाट आहे, असा माणूस.

यात्रेचा इतिहास लिहिताना देवस्थानांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. देऊळ कोणी बांधले, कळस कोणी चढविला, उत्पन्न किती. माझ्या मते खरा इतिहास ह्या वाटेच्या लेकाचा आहे. परक्या मुलखातून जाताना त्याला पाणी कोणी दिले, कर कोणी मागितला, लुटले कोणी, आणि तो दारापाशी पोहोचल्यावर दार उघडे होते की नाही, ह्या गोष्टींवरून त्या त्या काळाची जेवढी ओळख पटते तेवढी कळसावरून पटत नाही.

प्रारंभ शेजारूनच करू. रामटेक आपल्याला दूर नाही. तेराव्या शतकात गुजरातेतील भडोच येथून एक प्रधानपुत्र रामटेकच्या रामाच्या दर्शनास म्हणून निघाला. घरातून सुटका करून घेण्यास यात्रेवाचून दुसरे कारण चालण्यासारखे नव्हते. बरोबरचे सेवक त्याने वाटेतून हळूहळू परत पाठविले आणि वऱ्हाडात ऋद्धिपूर येथे त्याची गोविंदप्रभूंशी भेट झाली. हेच पुढे श्रीचक्रधर. त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने गावोगाव हिंडून, ज्याने पाहिले-ऐकले त्याच्याच तोंडून मिळविल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. म्हणजे आपल्या गद्याचा उगम एका यात्रेच्या निमित्तात आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही! महानुभावांनी आणखी एक विलक्षण काम केले. स्वामी कोठे बसले, कोठे जेवले, कोठे निजले, ती जागा देवळाच्या कोणत्या अंगास, दार कोणत्या दिशेस, ह्याची नोंद त्यांनी 'स्थानपोथी' ह्या ग्रंथात करून ठेवली. तेथे जाऊन नमस्कार करावयाचा तो मूर्तीला नव्हे, तर कोणी एके काळी जेथे बसला होता त्या ओट्याला. त्या पोथीतली कित्येक देवळे आज उरली नाहीत; त्यांचा पत्ता तेवढा पोथीत शिल्लक आहे.

नामदेवांच्या नावावरील 'तीर्थावळी'च्या अभंगांत ज्ञानदेव व नामदेव ह्यांच्या उत्तरेकडील यात्रेची हकीकत येते. पंढरपूर सोडण्याच्या कल्पनेनेच नामदेव व्याकुळ होतात, हे तिच्यातले मर्म. आणि त्याच नामदेवांनी आयुष्याचा मोठा काळ पंजाबात घुमान येथे घालविला असे परंपरा सांगते; त्यांची ६१ पदे शिखांच्या आदिग्रंथात आहेत. सन २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून लोक आगगाड्या भरभरून गेले. परका म्हणून गेलेला एक शिंपी त्या मुलखाचा इतका आपला झाला, की त्याच्या नात्याने साडेसहाशेहून अधिक वर्षांनी इकडच्यांना तिकडे पाहुणचार मिळाला.

आता राज्यकर्त्यांकडे वळू. यात्रेकरू हा कर गोळा करणाऱ्यास फार सोयीचा असतो. तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटेने येतो, आणि परत फिरण्याचे त्याच्या मनात नसते. अकबराने सन १५६३ मध्ये यात्राकर उठविला, तो मथुरेच्या परिसरात शिकारीस गेला असता ही गोष्ट कानी आल्यावरून. पुढे तो कर कधी बसला, कधी उठला. ईस्ट इंडिया कंपनीने जगन्नाथपुरीचा कर सन १८०६ मध्ये स्वतःच्या हाती घेतला आणि १८४० मध्ये सोडला. सोडला तो यात्रेकरूची दया येऊन नव्हे. मूर्तिपूजेच्या पैशाला ख्रिस्ती सरकारने हात लावू नये अशी मिशनऱ्यांची ओरड झाली म्हणून. असो. कर गेला हे खरे.

पण मला ह्या सगळ्यांपेक्षा एक दुसरी हकीकत मोलाची वाटते. पहिल्या बाजीरावाची आई राधाबाई सन १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून उत्तरेच्या यात्रेस निघाली. मराठे आणि मोगल ह्यांचे त्या वेळी उघड वैर. वाटेवर जी नावे येतात त्यांत महंमदखान बंगश हे एक आहे. ह्याच बंगशाचा जैतपूर येथे बाजीरावाने सन १७२९ मध्ये पराभव केला होता. तोंड दाखविण्यास जागा राहू नये असा. त्या बंगशाने आपल्या शत्रूच्या आईचा सन्मान केला, भेटी दिल्या, आणि आपल्या हद्दीतून तिला सुरक्षित पोहोचविले. जयपूरच्या सवाई जयसिंगाने तर तिला घरच्यासारखे ठेवून घेतले. सन १७३६ मध्ये बाई पुण्यास परतली आणि १७३७ मध्ये तिचा मुलगा फौज घेऊन दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकला! बंगशाचे चुकले असे त्या काळी कोणी म्हटल्याचे दिसत नाही. यात्रेकरूची वाट आणि फौजेची वाट एकच असली तरी ह्या दोहोंचा हिशेब निराळा ठेवावयाचा असतो, हे त्या पिढीला ठाऊक होते.

तो हिशेब एक झाला की काय होते ते पानिपताने दाखविले. भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर यात्रेकरूंचा मोठा जमाव निघाला होता. एवढी फौज बरोबर आहे, तेवढ्यात कुरुक्षेत्र घडेल, काशी-प्रयाग घडेल, असा भोळा विचार. १४ जानेवारी १७६१ रोजी जे पडले त्यांत भाला कधी हाती न धरलेलेही पुष्कळ होते. त्यानंतरच्या पिढीत अहिल्याबाई होळकरांनी विहिरी, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे ह्यांची रांग देशभर उभी केली. काशीचे विश्वेश्वराचे देऊळ (१७८०) सर्वांस ठाऊक असते. आडवाटेवरच्या विहिरी कोणी सांगत नाही. तहानलेल्याला विचारले तर तो विहीर आधी सांगेल.

मराठीतले यात्रेचे सर्वोत्तम पुस्तक कोणते, असे मला कोणी विचारले तर मी निःशंकपणे विष्णुभट गोडसे ह्यांच्या 'माझा प्रवास'चे नाव घेईन. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा वाटणार, अशी वार्ता आली. तेव्हा चुलत्याबरोबर तो सन १८५७ च्या आरंभी निघाला. यात्राही होईल, चार पैसेही मिळतील. देवाकडे जाणाऱ्या माणसाच्या मनात पैशाचाही विचार असतो हे त्याने लपविलेले नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. मध्य हिंदुस्थानात पोहोचतात न पोहोचतात तोच शिपायांचा वणवा पेटला. यज्ञ बाजूलाच राहिला. झाशीच्या वेढ्यात हा माणूस शहराच्या आत होता. इंग्रज आत शिरल्यावर झालेली कत्तल त्याने लपून राहून पाहिली. मिळविलेले द्रव्य लुटले गेले, पुन्हा मिळविले, पुन्हा गेले. एवढे होऊन त्याने काय करावे? गंगोदकाची कावड खांद्यावर घेतली आणि पायी कोकणात आणली, आणि आईबापांना त्या पाण्याने स्नान घातले. निघताना मनात धरलेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच तडीस गेली.

हे पुस्तक सन १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी बरीच काटछाट करून छापले. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. इतिहासकार त्यात झाशीची राणी शोधतात. शोधू द्यावी. आठवीनववीच्या मुलांना त्यातला भाग वाचून दाखविला की ती मात्र नेमकी कावडीपाशी थांबतात आणि विचारतात, "गुरुजी, पाणी सांडले नाही?"

योगायोग असा की, विष्णुभट निघाले त्याच १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' छापले गेले. मराठीतली ही पहिली कादंबरी म्हणून अभ्यासक तिचा उल्लेख करतात, आणि तिचा साचा प्रवासाचाच आहे. त्याआधी सन १८४१ मध्ये हरि केशवजी ह्यांनी बन्यनच्या प्रसिद्ध इंग्रजी रूपककथेचे 'यात्रिकक्रमण' नावाने भाषांतर केले होते. इंग्रजी कवितेच्या आरंभी चॉसरचे कँटरबरीस निघालेले यात्रेकरू एकमेकांना गोष्टी सांगत चालले आहेत. फारसीत अत्तारचे पक्षी आपला राजा सीमुर्ग ह्याच्या शोधास निघतात, शेवटी तीसच उरतात, आणि 'सी मुर्ग' म्हणजे तीस पक्षी, तेव्हा ज्याला शोधले तो आपणच, असे त्यांना कळून येते. गोष्ट सांगू पाहणाऱ्याला यात्रेचा आधार सर्वत्र मिळाला आहे. पण ही वाट एकदा कथेकडे वळली की परत फिरणे कठीण. म्हणून येथेच थांबतो.

पाण्यावरची वाट ही जमिनीवरच्या वाटेपेक्षा कठीण. सुरत बंदराला मक्केचा दरवाजा म्हणत. सन १६९५ मध्ये औरंगजेबाचे 'गंज-इ-सवाई' हे जहाज हाजींना घेऊन सुरतेकडे परत येत असता हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने ते धरले. यात्रेकरूंवर आणि विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यामुळे सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना बेड्या पडल्या. पुढे आगबोटी आल्या. त्यांपैकी 'जेद्दा' नावाची बोट सन १८८० मध्ये सिंगापूर व पेनांगहून सुमारे साडेनऊशे हाजी घेऊन निघाली. आफ्रिकेच्या टोकाजवळ वादळात बोटीत पाणी शिरू लागले. तेव्हा कप्तान आणि गोरे अधिकारी होडीत बसून निघून गेले. त्यांना 'सिंदिया' नावाच्या आगबोटीने उचलले, एडनला आणले, आणि त्यांनी सांगितले की बोट बुडाली, माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी 'जेद्दा' दुसऱ्या एका बोटीच्या मागे ओढली जात एडन बंदरात दाखल झाली. पाणी उपसून उपसून तिला तरंगत ठेवले होते ते त्या यात्रेकरूंनीच! ह्याच घटनेवरून जोसेफ कॉन्रॅडने 'लॉर्ड जिम' (१९००) ही कादंबरी लिहिली. उत्तम कादंबरी आहे. पण तिच्यात सारे दुःख बोट सोडून गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या मनाचे आहे. पाणी उपसणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्यात नाही. वाचताना ही गोष्ट मला नेहमी खटकते.

मुंबईहून जिद्दास जाणारी हाजींची बोट सन १९९५ मध्ये बंद झाली. तोपर्यंत आमच्याकडचे हाजी गोंदियाला गाडी धरून मुंबई गाठीत आणि मुसाफिरखान्यात मुक्काम करून बोटीची वाट पाहत. माझ्या लहानपणी हजला निघणारा माणूस आधी कर्ज फेडी, मग घरोघर जाऊन "कहा-सुना माफ" असे म्हणून येई. ज्यांच्याशी दहा वर्षे बोलणे नव्हते त्यांच्याही दारी. हिंदूंच्या घरीही तो जाई, गोंडांच्या टोल्यावरही जाई. परत येताना जमजमचे पाणी आणि खजूर. चमच्याने वाटलेले ते पाणी आणि विष्णुभटांची कावड ह्यांत मला फार अंतर दिसत नाही. आता विमानाने काही तासांत जाता येते, नाव सोडतीत निघावे लागते. दारोदार माफी मागण्याची चाल मात्र पुष्कळ ठिकाणी अजून आहे.

एकोणिसाव्या शतकात यात्रेकरूकडे पाहण्याची एक नवी नजर आली, ती संशयाची. सन १८६५ मध्ये मक्केत पटकीने हजारो माणसे दगावली, ती साथ पुढे युरोपात पसरली, आणि १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला राष्ट्रांची परिषद भरली. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींना अडकवून ठेवण्याची व्यवस्था झाली. इकडे हरिद्वारचा कुंभ आणि पंढरपूरची आषाढी ह्यांच्याकडेही सरकारी अहवाल त्याच नजरेने पाहू लागले. पटकी खरी होती, आणि घाण पाण्यातून ती पसरते हेही खरेच. पण स्वच्छ पाणी देणे हे खर्चाचे काम; माणसाला अडविणे स्वस्त पडते. वारकरी आणि हाजी एकमेकांना फारसे ओळखत नसतील, पण त्या अहवालांत दोघांची वर्णने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

पंढरीच्या वाटेविषयी मराठी वाचकांस मी काय सांगावे! तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा ह्यांनी सन १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली; माउलींच्या पालखीला आजचे शिस्तीचे रूप शिंदेशाहीत चाकरी केलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. तुकोबांची पालखी देहू सोडते तेव्हा पहिली अभंगआरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. मुद्दाम ऐक्य दाखविण्यासाठी कोणी हे ठरविलेले नाही. वाटेत आहे, म्हणून थांबतात. आणि पुढे निघतात. ह्या वाटेवर प्रा. इरावती कर्वे स्वतः चालल्या. एकाच दिंडीतले लोक एका सुरात अभंग म्हणतात आणि जेवायला मात्र जातवार निरनिराळ्या पंक्ती धरतात, हे पाहून त्यांना झालेले दुःख 'वाटचाल' ह्या लेखात उतरले आहे. दि. बा. मोकाशी ह्यांचे 'पालखी' (१९६४) हेही ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

आणि शेवटी दार. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. ज्यांचे अभंग आत गाइले जात त्यांच्या जातीचा माणूस आत जाऊ शकत नसे. शेकडो कोस चालून आलेल्याने पायरीला डोके टेकवून, कळस पाहून परत फिरावे, असे शतकानुशतके चालले. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले आणि दहाव्या दिवशी ते सुटले. देशाला स्वातंत्र्य मिळण्याच्या तीन महिने आधी ते दार उघडले. परंतु दार उघडण्याची वाट पाहण्याचे ज्यांनी सोडून दिले होते त्यांनी आपली नवी वाट काढली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आणि तेव्हापासून दरवर्षी दीक्षाभूमीवर जो समुदाय लोटतो त्यात आपल्या बालाघाट जिल्ह्यातली माणसेही असतात. परतताना त्यांच्या पिशवीत बहुधा पुस्तके असतात. प्रसाद म्हणून पुस्तक घेऊन येणारी यात्रा ही एका शिक्षकाला विशेष आवडावी, यात नवल नाही.

बैहरकरांची सर्वांत जवळची मोठी यात्रा मात्र ह्यांपैकी कोणतीच नव्हे. माघी पौर्णिमेला आमच्या शाळेत हजेरीपत्रक निम्मे रिकामे असते, कारण गोंडांची मुले आईबापांबरोबर कचारगडला गेलेली असतात. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनाजवळच्या डोंगरात ही प्रचंड नैसर्गिक गुहा आहे. गोंडांच्या पुरुखांना गुहेत कोंडले गेले होते, आणि पहांदी पारी कुपार लिंगोने त्यांना तेथून सोडविले, अशी कथा. ती कथा गाणारे परधान पिढ्यान्‌पिढ्या गातच होते. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी ती एका परधानाच्या तोंडून उतरवून घेतली. पण ती छापून होण्यापूर्वीच सन १८६३ मध्ये नदी ओलांडताना ते बुडून वारले. उताराच्या जागीच! कागद मागे राहिले, ते रिचर्ड टेंपलने सन १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्या गुहेचे नाव कचिकोपा लोहागड असे आले आहे. ही कथेतली गुहा म्हणजेच कचारगड, असे मोतीरावण कंगाली आणि इतर गोंडी अभ्यासकांनी मांडले, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तेथे वाढत्या संख्येने लोक जमू लागले. आता मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा अशा निरनिराळ्या राज्यांतून माणसे येतात. भाषा निराळ्या, अभिवादन एकच : "जय सेवा".

इतर यात्रांत माणूस दूरच्या दारातून आत जाण्यासाठी चालतो. येथे तो जाऊन पाहतो ते आपण ज्या दारातून बाहेर आलो ते दार. डोंगर चढून मुले गुहेत शिरतात, वरच्या भगदाडातून पडणाऱ्या उजेडाखाली उभी राहतात, कोंडलेले लोक किती असतील, दगड केवढा असेल, ह्यावर हुज्जत घालतात. दोन-तीन दिवसांनी ती घाट चढून परत वर्गात आली की ह्याच प्रश्नांवर तास जातो. आणि ज्यांनी कचारगड पाहिला नाही अशी तेली, पोवार, मुसलमान मुले पुढच्या वर्षी आपल्यालाही नेण्याबद्दल त्यांच्या मागे लागतात.